वाटाण्याची मुळं

दादा,

‘प्रिय’ लिहायला हात धजेना. राग आला तर येऊ दे.

गेल्या वर्षी माती तपासून मी तुला बजावलं होतं, खालच्या तुकड्यात मूळकुजीची बुरशी आहे, चार-पाच वर्षं तिथे वाटाणा, घेवडा काही लावू नकोस. तू म्हणालास, “तू प्रयोगशाळेत बसून माती बघतेस, मी तिच्यात राबतो.” आणि हट्टानं वाटाणाच पेरलास. ऐन फुलोऱ्यात सगळं पिवळं पडलं, तेव्हा चारचौघांत बाबांवर खेकसलास, “तुम्हीच पाणी जास्त सोडलंत!” लाज नाही वाटली? त्या दिवसापासून बाबा शेताकडे फिरकले नाहीत.

काल मीच त्यांना हाताला धरून नेलं आणि एक रोप उपटून दाखवलं. मूळ काळं पडलं होतं, साल बोटांत निघून आली. म्हटलं, “बाबा, हे तुमच्या पाण्यानं झालेलं नाही. बुरशी आधीपासून जमिनीत होती आणि दादाला ते ठाऊक होतं.”

त्यांनी ते मूळ हातात घेऊन न्याहाळलं. मग म्हणाले, “त्याला काही बोलू नकोस हं. पीक गेलंय, आधीच खचलाय तो.”

बघ, अजूनही तुझीच बाजू! म्हणून हे पत्र पाठवणार नाही. तू समोर आलास की गप्प बसेन, तसा शब्द दिलाय त्यांना. पण हसून बोलेन, असं काही कबूल केलेलं नाही.

नाइलाजानं तुझीच,
धाकटी