शिट्टी वाजायच्या आधी

प्रिय ठमाबाई,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू दचकली असशील. बाबांनी पत्र लिहिलं म्हणजे काहीतरी बिनसलं, असं तुला वाटेल, म्हणून आधीच सांगतो की इथे सगळं ठीक आहे. तुझ्या आईचा गुडघा ठीक, माझं पोट ठीक आणि काल आपण घरच्या मैदानावर पाच-एक जिंकलो. पाच-एक! एवढ्या आरामात जिंकलेला सामना मला गेल्या कित्येक वर्षांत आठवत नाही. आता तू म्हणशील, हेच सांगायला पत्र? तसं नाही. पाच आठवड्यांपूर्वी तू फोनवर सांगितलंस की सहावा महिना लागलाय, डॉक्टर म्हणतात सगळं छान आहे. मी ‘बरं’ म्हणालो. मग तू विचारलंस, ‘बाबा, तुम्हाला आनंद नाही का झाला?’ आणि मी उत्तर दिलं की आपल्या गोलकीपरचा खांदा निखळलाय. तेव्हापासून तू फोन करतेस तो आईला. मी उचलला तर ‘आई आहे का’ एवढंच विचारतेस, जसा काही मी त्या घरात फोन उचलायला ठेवलेला माणूस आहे. तुझा राग अगदी रास्त आहे. फोनवर माझी जीभ भलतीकडेच धावते, म्हणून कागद घेऊन बसलोय. उत्तर देणार आहे, पण मला माझ्या वाटेनं येऊ दे. माझी वाट मैदानावरून जाते हे तुला नव्यानं सांगायला नको.

तर काल. आपली रांग तीच. माझ्या डावीकडे गणिताच्या बाई, मांडीवर कॉफीचा थर्मास घेऊन. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी रेफ्रीकडे अजून कच्च्या विद्यार्थ्याकडे बघावं तशाच बघतात. उजवीकडे केमिस्ट, दुकानावर ‘दहा मिनिटांत येतो’ अशी पाटी लावून दोन तासांसाठी आलेला. बाराव्या मिनिटाला कॉर्नरवरून आपल्या लंबूनं डोक्यानं पहिला गोल मारला. दुसरा त्यांच्या गोलकीपरनं जवळजवळ स्वतःच आत नेऊन ठेवला. मध्यंतराच्या आत तिसरा. तुला सांगतो, आरामात जिंकण्यासारखा त्रास नाही. चुरशीच्या सामन्यात माणसाला दुसरं काही सुचत नाही, आणि तेच बरं असतं. तीन-शून्य असताना पाऊण तास मन मोकाट सुटतं आणि नको तिथे जाऊन बसतं. मध्यंतरात बाईंनी दिलेली कॉफी माझ्या हातातच निवली. चौथा गोल झाला तेव्हा सगळं स्टँड नाचत होतं आणि मी मुठी आवळून घड्याळाकडे बघत होतो. बाईंनी हळूच विचारलं की पोटात दुखतंय का.

आपल्या रांगेचा नियम तू विसरली नसशीलच. शेवटची शिट्टी वाजेपर्यंत ‘जिंकलो’ हा शब्द काढायचा नाही. काढील त्यानं निमूटपणे उठायचं आणि जिन्यात, पिण्याच्या पाण्याच्या नळापाशी, सामना संपेपर्यंत उभं राहायचं. तिथून मैदान दिसत नाही, भिंत दिसते. हा नियम मी आणि केमिस्टनं केला, तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता. आणि करणारा कोण, तर तीस वर्षं लिफ्टची दुरुस्ती करणारा माणूस! इमारतीतल्या बायका मला सांगतात, कालच म्हटलं हो लिफ्ट किती छान चालतेय, आणि आज बंद पडली. मी ग्रीसनं बरबटलेल्या तोंडानं वर बघून म्हणतो की काकू, लिफ्टला कान नसतात, दरवाज्याचा स्विच झिजलाय. एवढा शहाणा मी सोमवार ते शुक्रवार असतो. शनिवारी माझी अक्कल गेटावरच काढून घेतात बहुतेक.

तीन वर्षांपूर्वी तू पहिल्यांदा बातमी दिलीस, तेव्हा मी काय केलं ते तुला पुरतं माहीत नाही. दुसऱ्याच दिवशी सामना होता. मी आपल्या रांगेला सांगितलं, मग मागच्या रांगेला, मग गेटवरच्या माणसाला. केमिस्टनं मला मिठी मारली. बाईंनी बाळाला पाढे शिकवायचं तिथल्या तिथे कबूल करून टाकलं. सोमवारी कामावर गेलो तर लिफ्टमध्ये अडकलेल्या एका गृहस्थांना बाहेर काढता काढता त्यांनाही सांगितलं. बिचारे त्या अवस्थेत अभिनंदन म्हणाले. आणि अकराव्या दिवशी जावईबापूंचा फोन आला. हॉस्पिटलात मी तुझ्या खाटेशी बसून होतो, एक शब्द बोललो नाही. सगळ्यांना वाटलं, बापाला धक्का बसलाय. धक्का तर होताच, पण मी मनात एकच घोकत होतो: कशाला बोललास, शिट्टीच्या आधी कशाला बोललास? हे मी तुझ्या आईलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. मग पाच आठवड्यांपूर्वी तू पुन्हा तीच बातमी दिलीस आणि मी तोंडाला कुलूप घातलं. मला वाटलं, मी गप्प बसलो तर या वेळी सगळं नीट पार पडेल. तू रागावशील हे कळत होतं. रागावू दे, म्हटलं, नंतर समजूत काढू.

काल ऐंशीव्या मिनिटाला बाईंनी विचारलं की लेक कशी आहे. साधा प्रश्न. आणि काय झालं कोण जाणे, इतके दिवस आवळून धरलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. मी आजोबा होणार आहे, म्हणालो, सातवा महिना लागलाय, आणि ही मॅचही आपण जिंकलोय! चांगलं मोठ्यानं म्हणालो. पूर्ण मिनिटही गेलं नसेल, त्यांनी गोल मारला. अख्खी रांग वळून माझ्याकडे बघायला लागली. केमिस्टनं जिन्याकडे बोट दाखवलं. गेलो बापडा. नळापाशी उभा राहिलो आणि पुन्हा तेच घोकायला लागलो, खोटं कशाला सांगू. पण तिथे करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून मी दुरुस्तीला गेल्यावर करतो तसा विचार केला. गोल का झाला? मध्यंतरात गवतावर पाणी मारलं होतं आणि आपला डावा बचावपटू घसरला. तो माझ्यापासून शंभर पावलं लांब होता. त्यानं माझं बोलणं ऐकलंसुद्धा नव्हतं. तेवढ्यात वर जिना हादरेल असा गलका झाला. पाचवा! म्हणे या मोसमातला सगळ्यात देखणा गोल, आणि मी त्या वेळी भिंत बघत होतो. नंतर केमिस्ट म्हणाला की तुम्ही जिन्यात गेलात म्हणूनच झाला. तीस वर्षं आम्ही दोघं हेच बोलत आलोय, आणि ते किती येडपटपणाचं आहे हे मला काल ऐकू आलं.

तेव्हा ठमे, तुझ्या प्रश्नाचं उत्तर ऐक. आनंद झाला. फार झाला. गेले पाच आठवडे मी कामावर लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो की आजूबाजूला कुणी नाही असं बघून एकटाच हसतो. परवा एका वॉचमननं वरून वाकून विचारलं की काका, सगळं ठीक आहे ना. पुढच्या शनिवारीही सामना घरीच आहे, पण मी जाणार नाही. तुझ्याकडे येणार आहे. जावईबापूंना सांग, मी सोफ्यावर झोपेन आणि घोरण्याबद्दल कुणी अवाक्षर काढायचं नाही.

आता हे पत्र आजच्या आजच का टाकतोय, ते. काल घरी येऊन हे सगळं तुझ्या आईला सांगितलं. ती इस्त्री करत होती. वाटलं हसेल, पण तिनं इस्त्री बंद केली आणि खुर्चीत बसली. मग म्हणाली की तुम्ही दोघं बापलेक अगदी एका साच्यातले. तिनं सांगितलं की तुला अजून वाटतं, त्या दिवशी पडदे लावायला तू स्टुलावर चढलीस म्हणून ते पहिलं बाळ गेलं. या वेळी तर तू साधी खिडकी उघडायलाही घाबरतेस, आणि डॉक्टरांनी कितीदा समजावलं तरी तुला पटत नाही. मी रात्रभर विचार करत होतो की हे असलं तुझ्या डोक्यात कुणी घातलं. तू नऊ वर्षांची होतीस. आपण दोन-शून्यनं पुढे होतो आणि तू बाकावर उभी राहून ‘जिंकलो!’ म्हणून ओरडलीस. मग दोन-दोन झालं. बाकीचे हसत होते, मी हसलो नाही. मी तुला दंडाला धरून जिन्यात नेऊन उभं केलं. घरी येताना रस्त्यात तू विचारलंस, ‘बाबा, माझ्यामुळे झालं का?’ आणि मी ‘हो’ म्हणालो. ते ‘हो’ मी आज परत घेतो. तुझ्यामुळे नव्हतं झालं, बाळा. तेव्हाही नाही, आणि तीन वर्षांपूर्वीही नाही.

तुझाच,
बाबा