दीड टनाचा पूल आणि माझी हलकीफुलकी गाडी

तीर्थस्वरूप दाजींना वाकता येईल तितकं वाकून नमस्कार.

आम्ही इकडे मजेत. तुमचा खोकला कसा आहे? ताईच्या गुडघ्याचे टाके निघाले हे ऐकून फार बरं वाटलं. (टाके किती घातले आणि किती काढले, हे तिने मोजून घेतलं म्हणे. आमची ताईच ती!) खरं तर हे पत्र फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मधेच हसता आणि मग मला पुढचं सुचत नाही.

तर विषय गाडीचा. पुढच्या शनिवारी ताईला महिनाभर विश्रांतीला आमच्याकडे नेणार, तेही नव्या विजेच्या गाडीतून, थेट तुमच्या दारातून, असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं. त्याच दमात (तुम्ही असलं काही विसरत नाही, म्हणून मीच आठवण देतो) असंही म्हणालो होतो, की माझ्या गाडीला इंजिन नाही, पेट्रोलची टाकी नाही, सायलेन्सर नाही, तेव्हा ती तुमच्या पेट्रोलच्या डबड्यापेक्षा हलकीच असणार. तुम्ही फक्त "वजन करून बघ" म्हणालात, आणि तुमच्या वाटेवरच्या लोखंडी पुलाची पाटी ऐकवलीत: गाडी, माणसं, सामान मिळून दीड टन. दुसरा रस्ता नाही आणि चौकीदार कुणाच्या बापाचं ऐकत नाही. म्हटलं, बघतोच!

मंगळवारी गाडी भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर चढवली आणि उतरून ऐटीत बाजूला उभा राहिलो. आकडा आला चौदाशे तीस! आपण दोघांनी एकाच दिवशी घेतलेल्या पेट्रोलच्या गाड्या हजार साठ किलोंच्या (माझी विकली, पण कागद अजून कपाटात आहेत), आणि ही बया त्याच मापाची असून जवळजवळ पावणेचारशे किलोंनी जड. मी म्हटलं, काटा बिघडलाय. भंगारवाला म्हणाला, "काका, याच काट्यावर माझं घर चालतं." मग मी पायपुसणी काढली, छत्री काढली, हवा भरायचा पंप काढला. पण काटा ट्रकचा, दहा किलोंच्या खालचं त्याला दिसतच नाही. आकडा ढिम्म हलला नाही.

आणि मग, दाजी, माझी ट्यूब पेटली. पेट्रोल संपलं की गाडी हलकी होते की नाही? मग हिची बॅटरी तर काठोकाठ भरलेली! मी वीज संपवायला निघालो. एसी चालू, दिवे चालू, आभाळात ढग नसताना वायपर चालू, आणि दुपारभर शहराला फेऱ्या. तिसऱ्या फेरीला कोपऱ्यावरचा न्हावी अर्धी दाढी सोडून बाहेर आला आणि काही हरवलंय का, विचारू लागला. बॅटरी दोन टक्क्यांवर आली तशी पुन्हा काट्यावर गेलो. चौदाशे तीस! वर गाडी काट्यावरच बंद पडली. मागे चार ट्रक भोंगे वाजवतायत, आणि भंगारवाला गाडीभोवती शांतपणे एक चक्कर मारून विचारतो, "ठेवूनच जाता का? भाव चांगला देईन." शेवटी सहा हमालांनी ढकलत बाहेर काढली. त्यांची तोंडं पाहिल्यावर मात्र माझा काट्यावर विश्वास बसला.

आमच्या इलेक्ट्रिशियनने नंतर समजावलं, की सगळं वजन त्या बॅटरीचंच. गाडीच्या तळाला या टोकापासून त्या टोकापर्यंत ती पसरलेली असते, आणि भरली काय, रिकामी काय, वजनाला तेवढीच भरते. (हसला नाही. सभ्य माणूस आहे.) आता हिशेब बघा. गाडी चौदाशे तीस, त्यात मी ब्याण्णव. म्हणजे एकटासुद्धा पुलावर जाऊ शकत नाही. आमची ही अठ्ठेचाळीस किलो, ती जाईल, पण परतताना ताई बसली की पुन्हा दीड टनाच्या वर! खरं सांगतो दाजी, फार वाईट वाटलं. ताईची खोली रंगवून घेतलीय, पलंग खिडकीपाशी सरकवलाय. रोज तिथे जाऊन उगाच उभा राहतो. दोन वर्षं झाली तिला आमच्या घरी येऊन.

असो. खोकल्याला जपा. धाकट्यांना आशीर्वाद.

तुमचा मेहुणा

ता. क. तुमच्या डबड्यातून (शब्द मागे घेतो, गाडीतून) ताईला पुलाच्या अलीकडे आणून सोडाल का? पुढे मी नेईन. हसायचं असेल तर कृपया पलीकडेच हसून या.

आणखी ता. क. दाजी, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं, म्हणून दोन ओळी लिहिते. ह्यांचं वजन ब्याण्णव नाही, एकशे एक आहे. आत्ताच वन्संशी फोनवर बोलले. डॉक्टरांनी चालायला सांगितल्यापासून, गेले आठ दिवस, त्या रोज सकाळी काठी घेऊन तो पूल चालत ओलांडतात आणि परत येतात. तुम्हाला पत्ता नाही, कारण तेव्हा तुम्ही गाडी पुसत असता. शनिवारी दहा वाजता त्या चालतच अलीकडे येणार आहेत आणि मी त्यांना घेऊन येणार आहे. त्यांची बॅग तेवढी तुम्ही उचलायची आहे, असा निरोप आहे.