आईला न दिसलेला देवमासा

ती. ताईस,

धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार. (कंबर धरली असल्यामुळे तो उभ्यानेच केला आहे, पण पूर्ण धरून घे.) दाजींचा खोकला कसा आहे? इकडे सगळं ठीक. आई ठणठणीत आहे. तू विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगून टाकतो. तू तिला "आता दुकान बंद कर" म्हणालीस आणि ती "मग माझ्या दुकानाची पायरी चढू नकोस" म्हणाली, त्याला वर्ष होत आलं. तेव्हापासून तुम्हा दोघींमधलं टपालखातं मी एकट्याने चालवतो आहे. तर हे आजचं टपाल.

वाढदिवसाला काय हवं असं विचारलं, तर आई म्हणाली, देवमासा बघायचाय. जन्मभर लोकांचे कपडे उसवून पुन्हा शिवणारी बाई. मला वाटलं होतं, फार तर नवी कात्री मागेल. आणि मी पडलो भूगोलाचा मास्तर. नकाशातला समुद्र निळा असतो आणि मुख्य म्हणजे हलत नाही. हा हलत होता. बोट सुटताच मी कठडा धरला आणि आजवर ज्या ज्या पोरांना सागरी प्रवाह पाठ करायला लावले, त्या सगळ्यांची मनोमन माफी मागितली. आई मात्र बाकावर ऐसपैस बसून लाइफ जॅकेट तपासत होती. (कापड बरं आहे, पण बगल चुकलीय म्हणे.)

आता देवमासे दाखवणारा जो गाईड होता, त्या धिप्पाड माणसाच्या जाकिटाचा खिसा उसवलेला. आईला उसवलेलं दिसलं की तिला चैन पडत नाही, हे तुला मी काय सांगू! तिने पर्समधून सुईदोरा काढला, त्याला शेजारी बसवला आणि अंगावरच खिसा शिवायला घेतला. तोही बिचारा गुपचूप बसला. (आईपुढे उभं राहायची टाप आहे का कुणाची?) तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "तो बघा!" गाईड ताडकन उठून पुढे धावला. आणि त्याच्यामागे आईही धावली! धावायची हौस नव्हती गं. बोटीच्या हेलकाव्यात तिने त्याच्या खिशाला स्वतःच्या लाइफ जॅकेटचा पट्टाही शिवून टाकला होता, आणि तोही दुहेरी टाक्याने. आईचा टाका तुटतोय होय! लोक बाजूला होत गेले, "अरे हळू, अरे हळू" करत मी मागे, आणि अशी आमची वरात थेट बोटीच्या टोकाला पोचली. मग पाणी फुगलं आणि पाठ वर आली. ताई, इतकी लांब पाठ, की ती संपायची वाट बघावी लागली. मी पोट विसरलो, कंबर विसरलो. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते समुद्राचं नव्हतं.

धक्क्यावरच्या कचेरीत पाटी आहे : देवमासा न दिसल्यास पुढची फेरी फुकट. सगळी बोट हसतखेळत घरी निघाली आणि आई खिडकीशी जाऊन उभी. म्हणे, "मला नाही दिसला." कारकून म्हणाला, "आजी, सगळ्यांना दिसला की!" "सगळ्यांचं नका सांगू. एकाला सदरा नीट बसला म्हणून दुसऱ्याला मी तसाच घरी पाठवत नाही." कारकुनाने साक्षीला गाईडला बोलावलं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. गाईडने आपल्या खिशाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि म्हणाला, "आजी म्हणतायत ना, मग नसेल दिसला." दोन जागांचा पास मिळाला.

असो. दाजींना आल्याचा काढा दे आणि माझा नमस्कार सांग.

तुझा, अजून थोडा डोलणारा,
धाकटा

ता. क. मी आईला सांगितलं, मेलो तरी पुन्हा बोटीत बसणार नाही. तर म्हणाली, "तुला कोण नेतंय?" मग बराच वेळ काज करत बसली आणि म्हणाली, "तिला म्हणावं, दुकानात नको येऊस. धक्क्यावर ये." तेव्हा ये. पुढच्या रविवारी ये.

आणखी एक. मी सांगितलं म्हणून तिला कळू देऊ नकोस, पण देवमासा तिला दिसला. सगळ्यांत जवळून तिलाच दिसला. तिने वळूनही न बघता माझा हात घट्ट धरला आणि मोठ्याने हाक मारली, ती तुला. तू नव्हतीस, म्हणून मीच 'ओ' दिली.