हजेरीच्या सेटमधली जोडी

ताई,

आल्या आल्या बाबांजवळ बस. तोवर शेजारच्या काकू आहेत, पण त्यांना यातलं काही सांगू नकोस.

अ‍ॅम्प्लिफायरला सगळे नवे भाग बसवले, असं मी तुला खोटंच सांगितलं. जळालेल्या रेझिस्टरच्या जागी नवे दुकानात मिळाले, पण त्या नंबरचे ट्रान्झिस्टर आता निघतच नाहीत. सगळा बाजार पालथा घातला. शेवटी भंगारवाल्याकडे बाबांच्या, स्फोटानंतर बंद पडलेल्या कारखान्यातला, हजेरी पुकारायचा जुना सेट सापडला. त्यातली ट्रान्झिस्टरची जोडी काढून मी आपल्या अ‍ॅम्प्लिफायरला बसवली.

परवापासून गाणं चालू असताना मध्येच कुणीतरी आकडे पुकारतं. मला वाटलं, बाहेरचं एखादं स्टेशन घुसतंय. बाबा मात्र हरखले. म्हणाले, "अरे, हे आमचे टाइमकीपर! स्फोटात गेले त्यांची हजेरी घेतायत." स्फोटाच्या दिवशी तुला ताप होता म्हणून बाबा कामावर गेले नव्हते, आठवतं ना?

आज दुपारी चारशे सतरा पुकारला. बाबांचा नंबर. ते ताठ उभे राहिले. तोंड उघडणार, तोच मी त्यांच्या तोंडावर हात दाबला. जन्मात पहिल्यांदा बाबांवर असा हात टाकला गं.

जोडी काढून परत द्यायला निघालोय. अ‍ॅम्प्लिफायर आता मुका आहे, तरी बाबा बूट घालून त्याच्यासमोर बसलेत. माझ्यावर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "ओ देऊ दे रे, खाडा पडेल."