यावलच्या घरचं पाणी

दीपनगर

ती. द्रौपदाअक्कास,

धम्मपालचा सविनय जयभीम. तुझे गुडघे कसे आहेत? धुळ्याच्या डॉक्टरने जिने चढू नको सांगितलेलं असताना तू पापड वाळवायला गच्चीवर जातेस, हे मला कळलंय. (कसं कळलं ते विचारू नको. तुझी सून साधी आहे, तिला रागवू नको.)

माझ्या संघमित्राने यावलच्या ईश्वरशी कोर्टात लग्न केलं तेव्हा मी चारचौघांत बोललो होतो, की माझं दार तिला बंद, आणि तिच्या घरी मी पाण्याचा थेंब घेणार नाही. तू फोनवर म्हणालीस, "धम्मा, तू येडा शे का?" लोकांना वाटलं, जावई आदिवासी, पावरा समाजाचा म्हणून मी बिघडलो. छे! चौदा एप्रिलला कॉलनीत आंतरजातीय विवाहावर दरवर्षी भाषण कोण ठोकतो? मीच. पोरगा शिक्षक, निर्व्यसनी. माझा आक्षेप फक्त रस्त्याला होता. यावलच्या बसमध्ये माझी कंबर दुखते.

तर शब्द म्हणजे शब्द. पण पोरगी कुकर घेऊन गेली आणि शिट्टी इथेच राहिली. बिनशिट्टीच्या कुकरात डाळ शिजत नाही, हा काही मानापमानाचा प्रश्न नाही, पोटाचा आहे. म्हणून गेलो. ओट्यावरच बसलो (ओटा म्हणजे घर नव्हे). केळं खाल्लं, केळ्याला कोणी पाणी म्हणत नाही. पुढच्या खेपेला शिट्टी नीट वाजते का ते बघायला गेलो, तेव्हा चहा घेतला, पण तो निव्वळ दुधाचा होता. (ईश्वरने मुद्दाम तसा केला असावा. पोरगं हुशार आहे.)

गेल्या रविवारी मात्र घात झाला. ऊन लागत होतं म्हणून आत बसलो. ईश्वरच्या आईने, मोगराबाईंनी, शेवभाजी वाढली. पहिल्याच घासाला असा ठसका लागला की काय सांगू! डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, फक्त तोंडात पाणी नाही. मोगराबाईंनी तांब्या पुढे केला. मी हातानेच नको म्हटलं. त्या तशाच उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊ, आमच्या हातचं पाणी चालत नाही का?"

अक्का, अंगावर काटा आला गं. आपल्या आजोबांच्या ओंजळीत लोक वरून पाणी ओतायचे, ते सांगताना त्यांचा आवाज कसा व्हायचा, आठवतं ना? आणि मी कोणाला नको म्हणत होतो! तांब्या घेतला, रिकामा केला, दुसरा मागितला. संघमित्रा दाराआड रडत होती. मीही रडलो, पण ते ठसक्यामुळे.

मी शब्द मोडला असं मात्र समजू नको. थेंब घेणार नाही म्हणालो होतो. मी अख्खे तांबे घेतले.

बाकी क्षेम.

तुझा धाकटा भाऊ,
धम्मपाल

ता. क. संघमित्राला सातवा महिना लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं. पण दार बंद असं मीच बोललोय, आता ये असं कोणत्या तोंडाने म्हणू? तू गुडघे सांभाळत ये आणि तिला घेऊन ये. मी पाठवलं असं सांगू नको. यावलला केळीच्या बागा बघायला आले म्हण.

आणखी एक. यंदाच्या भाषणात मी स्वतःच्या घरचं उदाहरण देणार आहे. तू पहिल्या रांगेत असशील. हसू नको.

आणि हो, माळ्यावरचा लोखंडी पाळणा काढून रंगवलाय. गंज चढला होता म्हणून, दुसरं काही नाही. रंग निळा आहे. तोच डबा घरात होता. रंग वाळलाय, अक्का. लवकर ये.