बदामी की बिस्किटी

जवळा बाजार,
१० नोव्हेंबर २०२४

चि. हरीश यास,
ताईचे अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुरुंगात वरण पातळ मिळतं, हे सांगण्यात तुझं दीड पान गेलं. बायको कशी आहे, हे विचारायला जागा उरली नसेल, म्हणून न विचारता सांगते. नांदेडच्या दवाखान्यात आकांक्षाचा जबडा तारेनं बांधलाय. खालचे पुढचे दात गेले. पेज नळीनं ओढते आणि काही सांगायचं झालं तर पाटीवर लिहून दाखवते. तिची आई नाही, वडील म्हणाले की दिल्या घरीच राहा, म्हणून ती इथेच परत आली. मीही बाळापूरचं घर ह्यांच्या गळ्यात टाकून इथेच मुक्काम ठोकलाय.

बैठकीच्या खोलीत रंग आणि रक्त फरशीवर एकत्र वाळलं होतं. मी खुरप्यानं खरडून काढलं. शिंतोडे छताला गेलेत, तिथे माझा हात पोचत नाही. दिवाळीसाठी खोली रंगवायची, तू बदामी म्हणालास, ती बिस्किटी म्हणाली. यात भरलेला डबा उचलून बाईच्या तोंडावर मारण्यासारखं काय होतं रे? लहानपणी तू पतंगासाठी माझं बोट पिरगाळलं होतंस, ते अजून थंडीत दुखतं. पण मी बहीण म्हणून हसून सोडलं. आईनंही पोलिसांना सून स्टुलावरून पडली असंच सांगितलंय. आकांक्षानं मात्र खरं काय ते लिहून दिलं.

रंगारी जळबा विचारतो, उरलेलं काम काहून अडवून ठेवलं? मला तर दोन्ही रंग सारखेच दिसतात. सकाळच्या उन्हात पाहिले, ट्यूबलाईटमध्ये पाहिले, आईला दाखवले. ती म्हणाली, दोन्ही दुधाच्या चहासारखेच. मग आकांक्षानं दोन्ही डब्यांतला रंग बोटानं एका कागदावर वर-खाली लावून दिला आणि पाटीवर लिहिलं की नावं घालू नका, त्यांना ओळखू येतील. मला हा पोरखेळ वाटला, पण तिला नाही कसं म्हणू? कागद सोबत आहे. वरचा लावायचा की खालचा, ते कळव.

डोकं थंड ठेव. तिथे तरी कुणाशी भांडू नकोस. ताईवर माया असू दे.

तुझी,
कोमलताई

* * *

मध्यवर्ती कारागृह,
२४ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र आणि रंगाचा कागद मिळाला. वरचा माझा, बदामी. आंधळ्यालाही कळेल. त्याच्यात ऊब आहे, पाहिला की आपलं घर वाटतं. खालचा तिचा बिस्किटी. मढ्याच्या कातडीसारखा आहे, पाहिला की अजून हात शिवशिवतात. जळबाला सांग, वरचा लाव, आणि मी यायच्या आत खोली तयार कर.

तू विचारतेस काय झालं होतं. मी बदामी आणायला सांगितलं होतं. हिनं माझ्या माघारी जळबाला बिस्किटीचाही डबा आणायला लावला आणि त्याच्यासमोर मला म्हणाली की, हा जास्त शोभतो. गड्यासमोर माझा शब्द खाली पाडला. मारायचंच होतं मला. एक-दोन दणके जास्त बसले, एवढंच.

इथे भांडू नको म्हणतेस. एकजण रोज मला बाईवर हात उचलणारा म्हणून चिडवायचा. परवा त्याचं तोंड मी संडासाच्या दारावर आपटलं. नाक वाकडं झालं त्याचं. आता पंगतीत माझ्या शेजारी कुणी बसत नाही, जेवायला ऐसपैस जागा मिळते.

मुद्द्याचं लिहितो. जामीन मंजूर झालाय. वकील म्हणतात, आईच्या जबाबानं काम झालं. फक्त जमिनीवाला जामीनदार पाहिजे. काकांनी अंग काढून घेतलं. तुझ्या नावावर बाळापूरचं शेत आहे. दर भाऊबीजेला मी तुझ्या ताटात टाकत आलो, यंदा तू मला ओवाळणी दे. कोर्टात येऊन सही कर. आणि आकांक्षाला सांग की दिलेला जबाब मागे घे. नाही घेतला तरी मी येणार त्याच घरी आहे, हे तिला बराबर समजावून सांग.

आईला साष्टांग नमस्कार. ताईचा लोभ आहेच, तो असाच राहावा ही विनंती.

तुझा,
हरीश

* * *

जवळा बाजार,
८ डिसेंबर २०२४

हरीश,
आशीर्वाद काय द्यावा ते सुचत नाही, म्हणून नुसतं वि. वि.

तुझं पत्र मी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. वरचा रंग माझा, इथवर आले आणि आकांक्षा हसायला लागली. तारेनं बांधलेल्या तोंडानं हसताना हिरड्यांतून रक्त आलं, तरी तिला हसू आवरेना. मग ती उठली आणि न्हाणीघराच्या बाजूला ठेवलेला चेपलेला डबा घेऊन आली. तू ज्यानं तिला मारलंस तो. त्याच्यावर बिस्किटी लिहिलंय. कागदावरचा वरचा रंग त्याच डब्यातला होता, हरीश. तुला घर वाटलं तो रंग तिचा आणि मढ्याचं कातडं वाटलं तो तुझा.

तिनं पाटीवर लिहिलं की, त्यांनी रंग पाहिलाच नव्हता, मी निवडला एवढंच पाहिलं. इतकी वर्षं मी तुझ्या रागाला राग म्हणत होते आणि समजूत घालत होते की भांड्याला भांडं लागतंच. आता तुझी किळस येते, आणि हे तुला लिहायला मला लाजही वाटत नाही.

ओवाळणी मागितलीस. शेत माझं, सही माझी, ती तुला मिळणार नाही. ह्यांनाही फोनवर सांगितलं, ते म्हणाले की तू म्हणशील तसं. धमकीचं पत्र आकांक्षाच्या वकिलाकडे दिलंय.

आई पत्र ऐकताना तूर निवडत होती. शेवटी तू तिला नमस्कार लिहिलास, तो मी वाचला. तिनं सूप बाजूला ठेवलं, चपला घातल्या आणि पोलीस ठाण्याची वाट धरली. मी मागे पळाले. मला वाटलं, तुझ्यासाठी हातापाया पडायला निघाली. जमादारासमोर बसून ती म्हणाली, सून स्टुलावरून पडली न्हाई, माझ्या पोरानं तिला डब्यानं हाणलं, ती खाली पडल्यावरबी हाणून राहिला, आन मी उंबऱ्यात उभी राहून पाहून राहिले. जमादारानं विचारलं की मग आधी खोटं काहून सांगितलं? आई म्हणाली, तवा वाटलं पोरगं घरी यावं. आता वाटतं, येऊ न्हाई.

लोभाचं काही लिहीत नाही.

कोमल