धोंड्याच्या महिन्यातले पंधरा दिवस

राजूर, २८ नोव्हेंबर १९५८

तीर्थस्वरूप दादा यांस,
विमलचा शि. सा. न. वि. वि.

आईचे तेरावे आटोपून काल दुपारी राजूरला पोचले. आज कपडे धुतले, घर सारवले, ज्वारी निवडली. मुले बरी आहेत.

तुमच्याकडे माणसे होती म्हणून विचारले नाही. चैत्र ते भाद्रपद आई माझ्याकडे, आश्विन ते फाल्गुन तुमच्याकडे, हा कायदा तिचाच. लेकीच्या घरी राहते म्हणून शेजारच्या गोजरबाई हिणवायच्या. तर आई म्हणे, दोघांना पोटात सारखेच नऊ महिने वागवले, मंग लेकीला आता कमी का देऊ?

अशी बाई यंदा पंधरा दिवस आधीच, ऐन पितृपक्षात गाठोडे बांधून निघाली. आदल्या दिवशी मी वामनला सायीचे दूध दिले, शरयूला बिनसायीचे. आईने दोन्ही पेले पातेल्यात ओतून पुन्हा सारखे वाटले. मी बोलून गेले की माझ्या घरात तुझी वाटणी नको. ती पातेले खरवडत बसली. वाटणाऱ्याने खरवडच घ्यावी, हा तिचा नेम.

ती रागावून गेली का, एवढेच कळवा. घास उतरत नाही.

तुमची,
विमल

बदनापूर, २ डिसेंबर १९५८

चि. विमल हीस अनेक आशीर्वाद.

तुझी खोड जुनीच. मनातले बोलायचे नाही आणि अन्नावर राग काढायचा.

सोबत आईचे पोस्टकार्ड आहे. अक्षर तुझ्या शरयूचे. तारीख पाहा, आषाढातली आहे. यंदा श्रावण दोन. धोंड्याचा महिना एकट्या विमलचा न्हाई, त्यातले पंधरा दिवस तुझे, भाद्रपदी पुनव झाली की येते, विमलला कळवू नकोस, ती अडवील, असे लिहिले आहे. इतक्या जल्दी ठरवून ठेवले होते बाईने.

इथे आल्यावर जावयाला त्याच्याच घरी, त्याच्याच डाळीचे धोंडे करून वाढले म्हणून हसत होती. दुधाचेही बोलली. विमल तडकली, पण निघायच्या सकाळी तिने पेले बराबर भरले, मी पाहिले, असे म्हणाली. राग बिलकुल नव्हता. आता जेवत जा.

दादा

राजूर, ६ डिसेंबर १९५८

तीर्थस्वरूप दादा यांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र आणि कार्ड पोचले. शरयूला विचारले, तर आजीने शपथ घातली होती म्हणाली. त्या सकाळी पेले सारखे भरले ते मी रागानेच. आईने तेही चांगल्यात धरले.

ती वेळेवर निघाली असती तर तुमच्या वाट्याला जेमतेम एक महिना आला असता. गेली ते बरे झाले. काल रात्री दोन भाकरी खाल्ल्या.

वहिनींस नमस्कार. आता दोघांनीच एकमेकांचे पाहायचे, तेव्हा पत्र पाठवीत जावे.

तुमची,
विमल

ता. क. आज दूध सारखे वाटले. मुले शाळेत गेली. पातेले निवले होते, ते घेऊन बसले आणि खरवड खाल्ली.